जामसाहेब : भरपाईपूर्वीचा आसरा

युद्धकाळात छळ आणि सक्तमजुरी सोसलेल्यांना भरपाई देण्याचा प्रश्न सरकारांपुढे येतो, तेव्हा पीडित बहुधा वार्धक्याला पोहोचलेले असतात. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे चरित्र या विलंबाच्या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १८९५ चा. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे हे पुतणे १९३३ मध्ये गादीवर आले आणि पुढे नरेंद्र मंडळाचे प्रमुख झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला. तेथील लाखो लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात पाठवून जंगलतोडीस व शेतीकामास जुंपण्यात आले. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली. परंतु तोवर उपासमार आणि रोगराईने असंख्य मुले पोरकी झाली होती.

त्यांपैकी शेकडो मुलांना जामसाहेबांनी १९४२ मध्ये जामनगरजवळील बालाचडी येथे आश्रय दिला. वसतिगृहे, दवाखाना आणि पोलिश भाषेतील शिक्षण यांची सोय झाली. खर्चासाठी अन्य संस्थानिकांकडूनही मदत मिळाली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील बरीच मुलेही तिकडे आली.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. जामसाहेब सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले आणि १९६६ मध्ये निधन पावले. त्या वेळी पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली होता. हद्दपारीविषयी उघड बोलणेही अवघड, तेथे भरपाई कोठून मिळणार?

तो कायदा झाला २०२० मध्ये. सोव्हिएत भूमीवरील वास्तव्याच्या प्रत्येक महिन्यासाठी २०० झ्लॉटी, किमान २,४०० झ्लॉटी, एकरकमी देण्याची तरतूद त्यात आहे. १९४० मध्ये पाच वर्षांचे असलेले मूल तोवर पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते. आईवडिलांनी प्रत्यक्ष मजुरी केली, त्यांच्या पिढीतील बहुतेक जण दावा मांडण्यास उरलेच नव्हते.

म्हणून ही भरपाई निरर्थक ठरत नाही. अन्याय झाला, ही राज्यसंस्थेची कबुली तीत असते आणि ती देण्याची जबाबदारी कोणा परक्या राजाच्या औदार्यावर ढकलता येत नाही. पण भरपाईची रक्कम ठरवताना वयाचा हिशेबही धरावा लागतो. जामसाहेबांनी अन्न, निवारा आणि शाळा दिली, ती मुले लहान असताना. धोरणकर्त्यांनी त्यांच्याकडून घ्यावयाचा धडा हाच आहे : पुराव्यांची छाननी चालू राहील, पीडिताचे आयुष्य मात्र तिच्यासाठी थांबत नाही.