प्रलयाची कथा लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ : कामील फ्लामारियन

आकाशाविषयीची भीती दूर करण्यासाठी आयुष्य वेचणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामील फ्लामारियन यांचे नाव अखेर जगाच्या अंताच्या भयाशीच जोडले गेले. ईशान्य फ्रान्समधील एका लहान गावात २६ फेब्रुवारी १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती. पॅरिसमध्ये एका कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारी करीत त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १८५८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते पॅरिस वेधशाळेत आकडेमोड करणारे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

परग्रहांवरील जीवसृष्टीविषयीचे त्यांचे पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी वेधशाळेतील नोकरी सुटली. मात्र त्यांना वाचक मिळाला होता. सर्वसामान्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेला त्यांचा खगोलशास्त्राचा ग्रंथ १८८० मध्ये आला आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. पॅरिसजवळील ज्युविझी येथे १८८३ मध्ये त्यांनी स्वतःची वेधशाळा उभारली, तर १८८७ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेची स्थापना केली.

‘जगाचा अंत’ या अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी १८९४ मध्ये चित्रांसह प्रकाशित झाली. पंचविसाव्या शतकात एक धूमकेतू पृथ्वीकडे झेपावतो, शास्त्रज्ञ खल करतात, जनता हवालदिल होते आणि वृत्तपत्रे त्या भीतीवर व्यापार करतात, असे तिचे कथानक. धूमकेतू आदळूनही मानवजात तग धरते. पृथ्वीचा खरा शेवट होतो तो लक्षावधी वर्षांनंतर, पाणी आटून आणि थंडी वाढून.

सोळा वर्षांनी त्या कथेतील बाजार प्रत्यक्षात भरला. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू परतला. त्याच्या वर्णपटात सायनोजेन या विषारी वायूच्या खुणा आढळल्या आणि मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाण्याची शक्यता होती. हा वायू वातावरणात मिसळून सारी जीवसृष्टी नष्ट होऊ शकेल, असे फ्लामारियन यांचे मत असल्याचे वृत्त फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले. मानवजातीला विषबाधा होण्याची शक्यता त्यांनी इतरत्र कमीच मानली होती. पण लोकांच्या मनात ठसले ते संकटाचे चित्र. धूमकेतूची शेपटी कमालीची विरळ असते, तिच्यापासून धोका नाही, हा इतर खगोलशास्त्रज्ञांचा खुलासा तेवढ्या वेगाने पसरला नाही. दारांच्या फटी बुजवल्या गेल्या. धूमकेतूपासून बचाव करणाऱ्या गोळ्याही विकल्या गेल्या. १८ आणि १९ मेच्या दरम्यानची ती रात्र कोणतीही हानी न होता सरली.

फ्लामारियन यांचे ३ जून १९२५ रोजी ज्युविझी येथे निधन झाले. वेधशाळेच्या उद्यानातच त्यांची समाधी आहे. त्यांच्या कादंबरीवर आधारित बोलपट दिग्दर्शक आबेल गान्स यांनी १९३१ मध्ये पडद्यावर आणला आणि पृथ्वीवर चालून येणारा धूमकेतू नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पाणी आटून, गारठून संपणाऱ्या पृथ्वीची त्यांची संथ कल्पना मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहिली नाही.