हेलन केलरच्या बाई

हेलन केलर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकले असेल. १९५२ साली त्या इस्राएलला आल्या होत्या आणि १९५५ साली भारतातही त्यांचे मोठे स्वागत झाले. परंतु त्यांना घडविणाऱ्या बाईंची माहिती फार थोड्यांना असते. माझे आयुष्य खडू-फळ्यापुढे गेल्यामुळे मला त्या बाईंविषयीच चार शब्द लिहावेसे वाटतात.

ॲन सलिव्हन यांचा जन्म १८६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, आयर्लंडहून आलेल्या एका अत्यंत गरीब घरात झाला. लहानपणीच खुपऱ्या होऊन त्यांची नजर अधू झाली. हा रोग आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगलाच परिचयाचा होता. आई वारली, बापाने मुलांचा भार टाकून दिला. १८७६ साली ॲन व तिचा पायाने अधू असलेला धाकटा भाऊ यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथालयात झाली. थोड्याच महिन्यांत भाऊ तिथे वारला.

पुढे काही अधिकारी तपासणीस आले, तेव्हा मला शाळेत जायचे आहे, असे तिने त्यांना गाठून विनविले. त्यामुळे १८८० साली, चौदाव्या वर्षी, बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत तिचा प्रवेश झाला. तोवर तिला स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते. सहा वर्षांनी तीच मुलगी वर्गात पहिली आली. मधल्या काळात शस्त्रक्रिया होऊन तिला थोडेफार वाचण्यापुरते दिसू लागले होते.

१८८७ च्या मार्चमध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, बाई अलाबामातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबाकडे गेल्या. सहा वर्षांची हेलन आंधळी, बहिरी व भलतीच हट्टी होती. पहिल्याच दिवसांत तिने बाईंचा एक दात पाडला! आईबाप दयेपोटी तिला काही बोलत नसत. शेवटी बाई तिला घेऊन आवारातल्या लहानशा घरात वेगळ्या राहिल्या. बोटांनी तळहातावर अक्षरे काढून त्या तिला शब्द सांगत. ५ एप्रिल रोजी पंपाचे पाणी हातावर पडत असताना, प्रत्येक वस्तूला नाव असते हे हेलनला उमगले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर बाईंनी जे केले ते शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे. घरातल्या एका तान्ह्या मुलाशी सगळे पूर्ण वाक्यांत बोलतात, हे त्यांनी पाहिले. मग ठरावीक वेळचे धडे बंद करून त्या हेलनच्या हातावर दिवसभर पूर्ण वाक्यांत बोलू लागल्या.

परंतु हे सारे त्यांनी एकटीने केले असे मात्र नाही. निघण्यापूर्वी त्यांनी पर्किन्सच्या जुन्या नोंदी कित्येक महिने वाचल्या होत्या. डॉ. हाऊ यांनी लॉरा ब्रिजमन या अंध व बहिऱ्या मुलीस कसे शिकविले, ते त्यांत होते. शाळेचे संचालक ॲनाग्नोस यांचा आधार होता. आणि रात्री थकून बसल्या की शाळेतील गृहमाता सोफिया हॉपकिन्स यांना त्या पत्रे लिहीत. आपली चूक, आपला राग, आपली भीती, सर्व त्या पत्रांत आहे.

पुढे १९०० ते १९०४ हेलन रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके बाई स्वतः वाचून तिच्या हातावर उतरवीत. पदवी हेलनला मिळाली. बाईंचे अधू डोळे मात्र या श्रमांनी अधिकच शिणले, आणि अखेरीस त्या पूर्ण अंध झाल्या. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा हेलन त्यांच्याजवळच होती.

आज पुष्कळ ठिकाणी अंध मुले इतर मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत बसतात. आपल्या नातवंडांच्या वर्गातही असे एखादे मूल असेल. त्याच्या शिक्षकाची आपण स्तुती करतो, पण त्याला वेळेवर ब्रेल पुस्तक मिळते का, अडले तर विचारायला कोणी अनुभवी माणूस आहे का, याची चौकशी कोण करतो? पालकांच्या सभेला गेलात तर एवढे अवश्य विचारा. सलिव्हनबाईंना पत्र लिहायला एक हॉपकिन्सबाई होत्या, म्हणून त्या टिकल्या.