नावेलीचे डॉक्टर आणि जमिनीचे स्वातंत्र्य



कापसाच्या हंगामात मिस्सानंतर आपल्या अंगणात एकच विषय असतो : भाव. परवा एका वयस्कर कास्तकार बांधवाने आम्हांला विचारले की, सरकारने शेतकऱ्याला मोकळे सोडावे असे म्हणणारा माणूस चांगला ख्रिस्ती ठरतो का? प्रश्न अनुभवातून आला होता. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा आपल्या जिल्ह्यातला कापूस जवळच्या आदिलाबादला नेऊन विकणे गुन्हा ठरले होते. उत्तर शोधताना आम्हांला गोव्याचे डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश आठवले.

त्यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी सासष्टी तालुक्यातील नावेली गावी, कॅथलिक घराण्यात झाला. पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकून ते डॉक्टर झाले, पण ओढा अर्थशास्त्राकडे. १८६० साली गोव्याने त्यांना लिस्बनच्या पार्लमेंटमध्ये निवडून दिले आणि मरेपर्यंत ते तिथे गोव्याची बाजू मांडत राहिले. वसाहतीतल्या माणसालाही पोर्तुगालच्या नागरिकाइतकाच हक्क हवा, हा त्यांचा आग्रह होता. १८६१ मध्ये फ्रेंच कवी लामार्तिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानासाठी स्वातंत्र्य मागितले. तेव्हा राष्ट्रीय सभा स्थापन व्हायला अजून चोवीस वर्षे होती!

१८६२ साली त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या शेतीवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच जमिनीचे स्वातंत्र्य आहे. जमीन जुन्या बंधनांतून सुटली तर शेती सुधारेल, असे त्यांचे मत. गोव्यात गावची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेकडे सामाईक असे. आम्हांला स्वतःला त्या सामाईकपणात काही चांगलेही दिसते. पण गोमिश आपल्या काळातले पक्के उदारमतवादी होते.

आणि तो काळ तसा सोपा नव्हता. डिसेंबर १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची यादी जाहीर केली. पोपने उदारमतवादाशी जुळवून घ्यावे, हे मतही तिच्यात होते. श्रद्धावंत उदारमतवाद्याची अवस्था दोन बैलांनी दोन दिशांना ओढलेल्या बंडीसारखी झाली असणार. पोप महोदयांची भीतीही उगाच नव्हती. स्वातंत्र्याच्या नावाने मठांच्या मालमत्ता जप्त झालेल्या युरोपने पाहिल्या होत्या, खुद्द पोर्तुगालमध्ये १८३४ साली.

गोमिश मात्र लिहीत राहिले. १८६६ मध्ये त्यांची ‘उस ब्राह्मणिश’ ही कादंबरी आली. जन्मावरून माणूस तोलणारा आणि कातडीच्या रंगावरून तोलणारा गोरा साहेब, दोघेही त्यांच्या लेखी ब्राह्मणच. आणि दोघांना लावलेले माप शुभवर्तमानातल्या बंधुत्वाचे. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनीही जात सोडली नव्हती, हे इथे सांगितलेच पाहिजे. पुढच्याच वर्षी त्यांचा फ्रेंच भाषेतला अर्थशास्त्राचा ग्रंथ निघाला. अर्थशास्त्राचे नीतीशी आणि न्यायाशी काय नाते, हे त्यांनी ग्रंथाच्या नावातच घातले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही या विषयावर वर्गात पुष्कळ भांडलो. तेव्हा गोमिशांचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते. बाजार मोकळा असावा म्हणणाऱ्या पुष्कळांना नीतीची अडचण वाटते. यांना वाटली नाही.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला, आणि त्याच परिपत्रकात मजुराला पोटापुरते वेतन देणे हा न्याय आहे असेही बजावले. त्या कास्तकार बांधवाला आम्ही हेच सांगितले. त्यांनी लगेच विचारले की, वेचणीच्या बायांची मजुरीही त्यात आली का? आली, असे आम्ही म्हणालो. ते जरा गप्प झाले.

गोमिशांना हे परिपत्रक पाहायला मिळाले नाही. क्षयाने खंगलेले गोमिश १८६९ मध्ये गोव्याला परत निघाले होते. ३० सप्टेंबरला जहाजावरच त्यांचे निधन झाले, आणि समुद्रातच त्यांचा दफनविधी झाला. वय अवघे चाळीस. नावेलीत आज त्यांच्या नावाचे जिल्हा ग्रंथालय आहे.