लूलकंदुऱ्याचा टेलर

जेम्स टेलर हा स्कॉटलंडमधील चाके बनविणाऱ्या एका कारागिराचा मुलगा. जन्म १८३५ चा. ऐन पोरवयात, १८५२ साली, तो सिलोनमध्ये कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यावर आला आणि मायदेशी पुन्हा कधी गेला नाही.

तेव्हा त्या डोंगरांवर कॉफीचे राज्य होते. १८६७ साली टेलरने १९ एकरांत चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढे मळ्यामागून मळे बुडाले. चहा तेवढा तरला.

त्याचा पहिला कारखाना म्हणजे बंगल्याची पडवी! खुडलेली पाने मजूर टेबलावर मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने मळीत, मग मातीच्या चुलींवर कोळशाच्या धगीने सुकवीत. १८७३ मध्ये त्याचा २३ पौंड चहा लंडनला गेला.

वाचकहो, आम्ही अडखळतो ते त्या हातांपाशी. ते दक्षिण हिंदुस्थानातून आलेल्या तमिळ मजुरांचे हात. टेलरचे चरित्र मिळते. त्यांची नावे आम्हांस मिळाली नाहीत. १९४८ च्या कायद्याने तर अशा मजुरांच्या लाखो वंशजांना नागरिकत्वही नाकारले.

१८९२ साली मालकांनी टेलरला रजेवर जाण्यास सांगितले. आपण आजारी नाही, मग रजा कशाला, म्हणून तो हटून बसला. तेव्हा त्याला कामावरूनच काढले. त्याच मे महिन्यात आमांशाने तो मळ्यावरच वारला. देह अवाढव्य, वाट डोंगराची. चोवीस मजुरांनी बारा-बारांच्या दोन पाळ्या केल्या आणि दर चार मैलांनी खांदे बदलीत शवपेटी कँडीच्या दफनभूमीपर्यंत पोचवली.