पुराचे गणित सांगणारी वाळू : हेन्री डार्सी

१८५५ च्या ऑक्टोबर महिन्याची अखेर. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या इस्पितळाच्या आवारात अडीच मीटर उंचीचे आणि ३५ सेंटिमीटर व्यासाचे एक नळकांडे उभे करण्यात आले होते. त्यात साओन नदीची वाळू भरलेली होती. वरून पाणी सोडायचे, खालून किती बाहेर पडते ते मोजायचे आणि दोन्ही टोकांचा दाब पाऱ्याच्या दाबमापकावर वाचायचा, एवढाच तो प्रयोग. अडचण एकच होती. इस्पितळातले नळ सतत उघडले-मिटले जात, त्यामुळे पाण्याचा दाब स्थिर राहत नसे आणि पारा थरथरत राही. गंमत अशी, की हे नळाचे पाणी दिजाँमध्ये ज्यांनी आणले, तेच या प्रयोगाचे कर्ते होते. त्यांचे नाव हेन्री डार्सी.

नदीला पूर आला असता तिचे किती पाणी काठच्या जमिनीत शिरेल आणि पूर ओसरल्यावर त्यातले किती परत येईल, याचा अंदाज आज संगणकावरील गणिती प्रारूपांद्वारे बांधला जातो. त्या प्रारूपांच्या मुळाशी या नळकांड्यातून निघालेला नियम आहे. डार्सी यांनी मात्र तो पुरासाठी शोधलेला नव्हता.

त्यांचा जन्म १० जून १८०३ रोजी दिजाँमध्येच झाला. वय चौदा असताना वडील गेले. आईने जिद्दीने मुलांचे शिक्षण चालू ठेवले. १८२१ मध्ये हेन्री पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये आणि दोन वर्षांनी पूल व रस्त्यांच्या शासकीय अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले. शिक्षण संपल्यावर थोड्याच काळात त्यांची नेमणूक जन्मगावी झाली.

त्या काळचे दिजाँ पाण्याच्या बाबतीत दरिद्रीच म्हणायचे. उथळ, दूषित विहिरी आणि गटार होऊन बसलेला सुझों हा ओढा एवढाच शहराचा आधार. एका चौकात खोल विंधन विहीर घेऊन पाहिली. पाणी लागले, पण शहराला पुरेल इतके नव्हते. तेव्हा डार्सी यांनी सुझोंच्याच खोऱ्यातील रोझ्वार येथील झऱ्याकडे लक्ष वळविले. १८३४ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला, १८३९ मध्ये काम सुरू झाले आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी सुमारे १२.७ किलोमीटरच्या बंदिस्त कालव्यातून झऱ्याचे पाणी शहराच्या वेशीवरील जलाशयात येऊन पडले. पुढे रस्त्यांखाली २८ किलोमीटर नळ टाकण्यात आले आणि दर १०० मीटरवर एक याप्रमाणे १४२ सार्वजनिक नळ बसविण्यात आले. त्यांचे पाणी सर्वांना विनामूल्य होते. डार्सी यांनी या कामाचे मानधन नाकारले. पालिकेने सुवर्णपदक दिले आणि त्यांच्या घराला आजन्म फुकट पाणी दिले, ते त्यांनी स्वीकारले. अभियंत्याच्या गौरवाची याहून उचित रीत सुचणे कठीण.

पॅरिसहून लियोंकडे जाणारा लोहमार्ग दिजाँवरून जावा, यासाठीही ते झटले. ब्लेझीच्या चार किलोमीटर लांबीच्या बोगद्याची आखणी त्यांचीच. पण १८४८ च्या क्रांतीनंतर राजकीय कारणांनी त्यांना दिजाँमधून हलविण्यात आले. आधी बूर्ज आणि मग पॅरिस. तेथे राजधानीचे पाणी आणि रस्ते त्यांच्याकडे आले. अधिकार मोठा होता, परंतु प्रकृती ढासळत गेली. १८५५ मध्ये नियमित कामातून मुक्त होऊन ते संशोधनासाठी दिजाँला परतले. हाती जेमतेम दोन-अडीच वर्षे उरली होती.

गढूळ पाणी वाळूतून गाळून शहरांना पुरवायचे, तर वाळूचा थर किती जाड व किती विस्तृत हवा, हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. पहिल्या मालिकेत नळकांड्याचे खालचे टोक मोकळे होते. १८५६ च्या फेब्रुवारीत त्यांचे सहकारी रिटर यांनी खालच्या टोकाचा दाबही बदलून पाहिला. निष्कर्ष तोच निघाला. वाळूतून जाणारे पाणी दोन टोकांच्या पातळ्यांतील फरकाच्या प्रमाणात वाढते आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटते. वरची पातळी किती, हा प्रश्नच नाही. दोहोंतील फरक किती, एवढेच वाळूला कळते.

हा नियम १८५६ मध्ये दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवरील त्यांच्या जाडजूड ग्रंथात प्रसिद्ध झाला. तोही मुख्य मजकुरात नव्हे, अखेरच्या एका टिपणात.

नळकांड्याच्या जागी नदीचा तळ कल्पून पाहावा. एरवी भूजलाची पातळी नदीपेक्षा उंच असेल, तर जमीन नदीला पाणी पुरवते. पावसाळा सरल्यावरही नदी वाहती राहते ती यामुळे. पूर आला की नदी काही तासांत चढते, भूजल मात्र सावकाश हलते. फरकाचे चिन्ह उलटते आणि नदीच काठात पाणी ढकलू लागते. हे पाणी काठाच्या वाळूत साठते, पुराचा माथा त्यामुळे थोडा खाली येतो आणि पूर ओसरला की तेच पाणी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, नदीत परत झिरपते. काठालगतच्या विहिरींतून शहराला पाणी पुरविले जात असेल, तर पुराच्या पाण्यासोबत घाणही तिकडे ओढली जाऊ शकते. म्हणूनच हा हिशेब केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही.

डार्सी यांच्यानंतर पॅरिसमध्ये त्यांच्या जागी आलेल्या झ्यूल द्युप्वी यांनी १८६३ मध्ये हा नियम विहिरींना लावला. पुढे बूसिनेस्क यांनी काळानुसार बदलणाऱ्या भूजलपातळीचे समीकरण मांडले. नदीच्या प्रवाहासाठी सँ-व्हनाँ यांची १८७१ ची समीकरणे होतीच. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये जाहीर केलेले मॉडफ्लो हे प्रारूप जमिनीचे चौकोनी कप्पे पाडते आणि नदीखालच्या प्रत्येक कप्प्यासाठी डार्सींचाच हिशेब मांडते. भूजल नदीच्या तळाच्या खूप खाली गेले, तर पाझर केवळ नदीच्या पातळीवर ठरतो, हेही त्यात धरलेले असते. खरा घोळ तळाच्या पारगम्यतेचा आहे. गाळ बसला की ती घटते, पुराने गाळ खरवडून नेला की वाढते. म्हणजे ज्या दिवशी हा आकडा सर्वाधिक हवा असतो, त्याच दिवशी तो बदलत असतो. इस्पितळातला थरथरणारा पारा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या पुढच्या कामातले काहीच डार्सी यांना पाहता आले नाही. पॅरिसच्या भेटीत न्यूमोनियाने गाठले आणि ३ जानेवारी १८५८ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. उघड्या कालव्यांतील प्रवाहाचे त्यांचे अपुरे प्रयोग सहायक आंरी बाझँ यांनी पूर्ण करून १८६५ मध्ये प्रसिद्ध केले. अंत्यसंस्कार दिजाँलाच झाले. वेशीवरच्या जलाशयालगतच्या चौकाला शहराने त्यांचे नाव दिले आणि १८८० मध्ये त्या जलाशयावर एक सार्वजनिक बाग फुलवली. तीही डार्सींच्याच नावाची आहे.