वस्त्यांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

नाडी पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. वस्तीवर मात्र नाडी न पाहताच शस्त्र चालविले जाते. याविरुद्ध जन्मभर झगडलेला पुरुष म्हणजे पॅट्रिक गेडिस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर गावी झाला. लंडनला हक्सलींच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत काही काळ त्यांची दृष्टी गेली. पुढे सूक्ष्मदर्शकाचे काम कमी झाले आणि त्यांचे लक्ष मानवी वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये आना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जेम्स कोर्ट या कळकट वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ती सुधारली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन नेणारी बोट जर्मनांच्या 'एम्डेन'ने बुडविली. न खचता त्यांनी पुन्हा सामग्री जमविली. पुढील दहा वर्षांत त्यांनी अनेक शहरे पायी हिंडून पाहिली. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, सावली कोठे आहे, लोक पोट कशावर भरतात, याची पाहणी आधी; नकाशा नंतर. सरळ रुंद रस्त्यासाठी शेकडो घरे पाडण्याऐवजी मोडकी तेवढीच काढावीत, विहिरी-तळी राखावीत, मोकळ्या जागी झाडे लावावीत, असे त्यांचे मत होते. प्लेगने ग्रासलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवून घरोघर सफाईचा उत्साह निर्माण केला. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला.

१९१७ हे वर्ष क्रूर ठरले. थोरला मुलगा युद्धात पडला आणि पत्नी येथेच तापाने वारली. तरीही काम थांबले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. तोच पुढे त्यांचे विद्यार्थी डॉ. गो. स. घुर्ये यांनी वाढविला. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे गेडिस निवर्तले.

आमच्यासारख्या गल्लीबोळांत वाढलेल्या मुलांना हे चरित्र जवळचे वाटते. वस्ती टिकेल की नाही, हे तिच्या विहिरीवर, झाडांवर आणि शेजारधर्मावर ठरते. ती पाडायला निघालेल्याने आधी एकदा तीतून पायी चालून पाहावे, एवढीच अपेक्षा.

— द्वितीय वर्ष, कला