२९ वर्षांनी सुटलेली केटी

एक केटी लागली की आपण दोन दिवस मेसमध्ये तोंड लपवतो. इगोर सिकॉर्स्कीची केटी सुटायला २९ वर्षं लागली!

१८८९ साली कीव्हमध्ये जन्मलेल्या इगोरला हेलिकॉप्टरचं वेड. पॅरिसहून २५ अश्वशक्तीचं इंजिन आणून त्याने १९०९ मध्ये पहिलं यंत्र बांधलं. ते उठलंच नाही. १९१० चं दुसरं जेमतेम स्वतःला उचलायचं, माणसाला नाही. इंजिन कमजोर, ज्ञान अपुरं, हे ओळखून गडी विमानाकडे वळला.

एकदा कार्ब्युरेटरमध्ये डास अडकला, इंजिन बंद पडलं, विमान आपटलं. एकाच इंजिनावर भरवसा नको, हे तेव्हा पक्कं झालं. १९१३ मध्ये त्याने जगातलं पहिलं चार इंजिनांचं विमान उडवलं. क्रांतीनंतर देश सुटला. १९१९ मध्ये अमेरिका गाठली, पोटासाठी गणित शिकवलं, पुन्हा विमानं बांधली, नाव कमावलं.

पण राहिलेला विषय डोक्यातून जाईना. १४ सप्टेंबर १९३९ रोजी, पन्नाशीत, व्हीएस-३०० मध्ये तो स्वतः बसला आणि जमिनीवरून उचलला गेला. १९७२ मध्ये तो वारला. आपल्या नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरचा मूळ आराखडा त्याच्याच कंपनीचा.

विमानाकडे वळणं ही माघार नव्हती, तो अभ्यास होता.